हप्त्यांचा गुंता झाल्यावर मदत कुणाकडे मागायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या काही महिन्यांत कर्जावरची पत्रं इतकी आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. नावं वगळली आहेत. आकडे पत्रलेखकांनी दिले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : माझ्या नावावर चार फायनान्सची कर्जं आहेत. एकाचा हप्ता दर आठवड्याला ६५०, दुसऱ्याचा दर पंधरा दिवसांनी १,४५०, उरलेल्या दोघांचे महिन्याला २,६०० आणि २,३५०. सोसायटीचा (पतसंस्थेचा) हप्ता ३,५००. शिवाय ओळखीतल्या एकाकडून शेकडा पाचने ४०,००० घेतलेत, त्याचं नुसतं व्याजच महिन्याला २,०००. मालक (नवरा) उद्यमबागेत फौंड्रीत आहेत, १६,००० मिळतात. माझे शिलाईचे चार हजार आणि सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून उचलायचं, असं दीड वर्ष चाललंय. बँकेत कर्जाचा सल्ला देणारे असतात म्हणे. ते फी किती घेतात आणि नेमकं करतात काय? – खानापूर तालुका

उत्तर : ताई, फी नाही. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक नेमलेली असते. बेळगाव जिल्ह्याची कॅनरा बँक आहे. तिच्या लीड बँक कार्यालयात जाऊन ‘आर्थिक साक्षरता केंद्र’ कुठं आहे ते विचारा. तालुका पातळीवर रिझर्व्ह बँकेच्या योजनेतली केंद्रंही आहेत, साधारण तीन तालुक्यांना एक. या केंद्रांचं नाव ‘साक्षरता’ असलं तरी कर्जात अडकलेल्यांना समुपदेशन करणं हेही त्यांचं काम आहे. आपल्याकडे लोक तिथं फक्त खातं उघडायला आणि विमा काढायला जातात.

समुपदेशक कर्ज देत नाही, माफही करत नाही. तो तुमच्या सगळ्या कर्जांची एक यादी करतो, महिन्याला खरोखर किती भरता येईल ते काढतो आणि त्यावरून कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेला द्यायचं पत्र तयार करून देतो. जाताना सगळी लोन कार्डं, सहा महिन्यांचं पासबुक, पगाराची चिठ्ठी, रेशन कार्ड, आधार आणि क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद) न्या. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. फायनान्सची म्हणजे मायक्रोफायनान्सची कर्जं (बायकांच्या गटातून मिळणारी छोटी कर्जं) बघायची तर क्रिफ हाय मार्कचा रिपोर्ट आधी काढा. तुम्ही न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं तर तिथूनच लेखी हरकत घ्या. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आता तुमचा हिशोब. बहुतेकजण पहिली चूक इथंच करतात : आठवड्याच्या हप्त्याला चारने गुणतात. वर्षात ५२ आठवडे असतात, म्हणून ६५० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे महिन्याला २,८१७. पंधरवड्याचा हप्ता २६ वेळा येतो, म्हणून १,४५० चे ३,१४२ होतात. अशी बेरीज केली तर फायनान्स आणि सोसायटी मिळून १४,४०९, आणि व्याजाचे २,००० धरून १६,४०९. घरात येतात २२,०००. भाडं, किराणा, गॅस, वीज, औषध, मुलांची शाळा आणि मालकांचं जाणं-येणं यांना तुमच्यासारख्या घराला १३,५०० लागतात असं धरलं, तर हातात ८,५०० उरतात. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ आठ हजार कमी पडतात, आणि नवीन कर्ज त्या खड्ड्यासाठीच निघतं. कितीही काटकसर केली तरी हा खड्डा भरणार नाही, हे आधी मान्य करावं लागतं.

खर्चाचा आकडा मात्र खरा सांगा. समुपदेशकापुढं बसल्यावर लाजेपोटी लोक खर्च नऊ हजार सांगतात, कागदावर बेत छान बसतो आणि जूनमध्ये शाळेची फी किंवा गणपती आला की मोडतो. दुसरी लपवाछपवी शेकडा पाचच्या कर्जाची. ते सांगितलं नाही तर अख्खा बेत खोटा ठरतो, कारण हा माणूस दारात येतो तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी हप्त्याचे पैसे त्याच्याकडे जातात.

८,५०० मधले ५०० अडीअडचणीला बाजूला ठेवा. खासगी कर्जाचे ५०० (त्याचं कारण पुढच्या एका उत्तरात आहे). उरलेले ७,५०० पाचही संस्थांना त्यांच्या हप्त्याच्या प्रमाणात वाटायचे. १४,४०९ पैकी ७,५०० म्हणजे रुपयाला सुमारे ५२ पैसे. आठवड्यावाल्या कंपनीला महिन्याला १,४६५, पंधरवड्यावालीला १,६३५, पुढच्या दोघींना १,३५५ आणि १,२२५, सोसायटीला १,८२०. सगळ्यांना एकाच प्रमाणात देण्याचा फायदा असा की, ‘मला कमी आणि त्याला जास्त का?’ म्हणायला कुणाला जागा राहत नाही. जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. सोसायटीत तुमचे जामीनदार आणि शेअर अडकलेले असतात. तिथला माणूस ओरडत नाही म्हणून ते कर्ज मागं टाकू नका.

प्रत्येक कंपनीला एकच पानाचं पत्र द्यायचं : उत्पन्न किती, आवश्यक खर्च किती, एकूण कर्जं किती, तुम्हाला महिन्याला अमुक रुपये देऊ शकते, मुदत वाढवून हप्ता तेवढा करा आणि आठवड्याऐवजी महिन्याला करा. हप्ता किती दिवसांनी हे कर्जदाराच्या सोयीनं ठरवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मायक्रोफायनान्स नियमांतच आहे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

त्याच नियमांतला आणखी एक मुद्दा तुमच्या कामाचा. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज देताच येत नाही. तुमची मर्यादा ११,०००. सोसायटी आणि पहिल्या दोन कंपन्यांचे ९,४५९ होतात, तिसरीचे २,६०० धरले की १२,०५९. कर्जं याच क्रमानं घेतली असतील तर तिसऱ्या कंपनीनंच मर्यादा ओलांडली आणि चौथीनं तर डोळे मिटूनच दिलं. अर्जात तुमचं उत्पन्न किती लिहिलं होतं ते मागून बघा. एजंटनं फुगवून लिहिलेलं असणं नवीन नाही. यानं कर्ज रद्द होत नाही. पण मुदतवाढ नाकारणाऱ्या कंपनीसमोर आणि पुढं तक्रारीत हा मुद्दा वजनदार ठरतो.

कंपनी बहुधा ‘टॉप-अप देतो’ म्हणेल. ते घेऊ नका. मुदतवाढ म्हणजे तेच कर्ज जास्त महिन्यांत फेडणं. टॉप-अप म्हणजे नवीन कर्ज, नवीन प्रोसेसिंग फी आणि नवीन विम्याचा हप्ता. मुदतवाढीची नोंद क्रेडिट रिपोर्टात राहते, हे खरं. थकबाकीपेक्षा ती बरी.

गटातल्या बायकांशी मीटिंगच्या आधी बोला. तुमचा हप्ता चुकला की तो त्यांच्या डोक्यावर येतो आणि कंपनीपेक्षा जास्त त्रास शेजारून होतो. पत्राची प्रत त्यांना दाखवली तर ‘पळून चालली’ ही कुजबुज थांबते.

वसुलीसाठी मायक्रोफायनान्सवाल्यांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. वसुली ठरलेल्या जागीच करायची. लागोपाठ दोनदा तुम्ही तिथं गेला नाहीत तरच त्यांना घरी किंवा कामाच्या जागी येता येतं. दंड आकारायचा तो थकलेल्या हप्त्यावर, सगळ्या कर्जावर नाही. मुदतीआधी फेडलं तर दंडच नाही. यातलं काही मोडलं तर आधी लोन कार्डावर छापलेल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग कंपनी ज्या संघटनेची सभासद असेल त्या ‘एमफिन’ किंवा ‘सा-धन’कडे. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

गृहलक्ष्मीचे दोन हजार थकलेल्या कर्जाच्या बँकेतच जमा होत असतील तर परस्पर वळते होण्याची भीती असते. हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात खातं उघडून तिथं आधार जोडणीचा फॉर्म भरून दिला की पुढची रक्कम तिकडं येते.

प्रश्न : क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन मिळून साडेसहा लाख थकलेत. ऑनलाइन एका कंपनीचा फोन आला, ‘हप्ते भरणं बंद करा, आम्ही निम्म्यात सेटलमेंट करून देतो, फी १५ टक्के, थोडी आगाऊ.’ वकील त्यांचेच. घ्यावी का ही मदत? – शहापूर, बेळगाव

उत्तर : आगाऊ पैसे मागणाऱ्याला देऊ नका. साडेसहा लाखांवर १५ टक्के म्हणजे ९७,५००. एवढी रक्कम हातात असती तर बँकेशी बोलताना तीच तुमची ताकद होती. ‘हप्ते बंद करा’ हा सल्ला त्यांच्या सोयीचा असतो, कारण खातं एनपीए (थकीत) झाल्याशिवाय बँक सहसा सवलत देत नाही. त्या काळात दंड चढतो, रिपोर्ट खराब होतो, आणि चेक किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाऊन्स झाला तर फौजदारी खटल्याची टांगती तलवार. त्यात आरोपी तुम्ही असता, कंपनी नाही. फी घेऊन ‘कर्जमुक्तीचं प्रमाणपत्र’ देणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे दिलेला आहे.

तडजोड तुम्हाला स्वतःच मागता येते. शाखेत नाही, बँकेच्या वसुली विभागाकडे लेखी अर्ज करा. अडचण का आली त्याचा पुरावा जोडा (नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं). किती रक्कम, किती दिवसांत आणि ती कुठून आणणार ते स्पष्ट लिहा. ‘बघू’ म्हणणाऱ्या अर्जाला कुणी विचारत नाही. भावानं तीन लाख द्यायचं कबूल केलंय असं लिहिलेल्या अर्जावर बोलणी होतात. बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका, आणि भराल तो कर्जखात्यातच, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर नाही. पत्रात एकूण रक्कम, शेवटची तारीख, ‘यानंतर काही बाकी राहणार नाही’ हे वाक्य आणि चेक-केस चालू असेल तर ती मागं घेण्याचा उल्लेख असायला हवा. एक हप्ता एक दिवस चुकला तरी सवलत रद्द होऊ शकते, म्हणून झेपेल तीच तारीख घ्या.

तडजोडीनंतर रिपोर्टात ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ अशी नोंद येते आणि पुढं घरासाठी कर्ज मागताना ती अडते. नोकरी चालू असेल आणि चार-पाच वर्षांत पूर्ण फिटणार असेल तर सेटलमेंटपेक्षा मुदतवाढच मागा, असं आमचं मत.

वकील हवाच असेल तर बेळगावच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००. खटला दाखल व्हायच्या आधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवा असा अर्जही तिथं करता येतो. कोर्ट फी लागत नाही. पण लोक अदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नाही, तेव्हा गर्दीत घाईनं सही करू नका.

प्रश्न : सावकारानं तीन लाख देताना तीन कोरे चेक आणि बॉण्डवर सही घेतली, वर अर्धा एकर शेत ‘नावापुरतं’ खरेदी करून घेतलं. व्याज महिन्याला शेकडा चार. कोल्हापूरच्या पेपरात वाचलं की सावकारी कायद्यानं जमीन परत मिळते. इथून अर्ज कुठं करायचा? – निपाणी

उत्तर : तुम्ही वाचलेला कायदा महाराष्ट्राचा, २०१४ सालचा. त्यात जिल्हा उपनिबंधकाला जमीन परत देववण्याचा अधिकार आहे. व्यवहार निपाणीत झाला, जमीन निपाणीत, तर तो कायदा इथं चालत नाही. सीमेवर हा घोटाळा फार होतो : पेपर तिकडचे वाचायचे आणि कचेरी इकडची. कर्जमाफीच्या बातम्यांचंही तेच.

कर्नाटकात १९६१ चा सावकारी कायदा आणि जबर व्याजावर बंदी घालणारा २००४ चा कायदा आहे. परवाना सहकार खात्याकडून मिळतो आणि व्याजाची कमाल मर्यादा तारण असेल तर वर्षाला १४ टक्के, नसेल तर १६. शेकडा चार म्हणजे वर्षाला ४८. तीन लाखांवर तुम्ही वर्षाला १,४४,००० देताय, तारणावरच्या दरानं ४२,००० होतात. (वरच्या पत्रातल्या ताईंचे ४०,००० विनातारण आहेत, १६ टक्क्यांनी महिन्याला ५३३ होतात, म्हणून त्यांना ५०० लिहिले.) साहाय्यक निबंधकांच्या कचेरीत त्या माणसाचा परवाना आहे का ते लेखी विचारा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकानं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला आणि पुढं त्याचा कायदा झाला. धमकी, मारहाण, पाठलाग, गुंड पाठवणं, घरातल्यांना त्रास देणं यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. नोंदणी आणि परवाना नसलेल्यानं दुर्बल घटकांतल्या माणसाला दिलेलं कर्ज फिटलं असं समजण्याची तरतूदही वटहुकमात आली. ती तुम्हाला लागू पडते का, हे वकिलाकडून तपासून घ्या. त्यावरूनच ‘सगळ्या फायनान्सची कर्जं माफ झाली’ अशी आवई उठली होती. ती खोटी. रिझर्व्ह बँकेकडं नोंदलेल्या बँका आणि फायनान्स कंपन्या त्यातून वगळल्या आहेत.

कोऱ्या चेकबद्दल भ्रमात राहू नका. सही तुमची असेल तर आकडा त्यानं भरला तरी देणं होतं असंच कोर्ट आधी गृहीत धरतं, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ‘स्टॉप पेमेंट’ दिल्यानं खटला टळेलच असं नाही. म्हणून आजच रजिस्टर पोस्टानं त्याला कळवा : अमुक तारखेला एवढे घेतले, आजवर एवढे दिले, अमुक नंबरचे तीन कोरे चेक तारण म्हणून तुमच्याकडे आहेत. चेक वटला नाही तर परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत सावकारानं तुम्हाला नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस मिळतात. उत्तर न देता गप्प बसणं हे सगळ्यात महाग पडतं. यापुढचे पैसे रोख देऊ नका, खात्यातूनच द्या.

सगळ्यात नाजूक बाब शेताची. खरेदीखत नोंदलेलं असेल आणि ‘पैसे फेडल्यावर जमीन परत’ ही अट त्याच दस्तात लिहिलेली असेल, तर ते गहाणच होतं असं म्हणता येतं. अट वेगळ्या कागदावर असेल तर कायदा तिला गहाण मानत नाही, आणि तोंडी असेल तर लढाई अवघडच. दस्ताची नक्कल उपनिबंधक कार्यालयातून काढा, उतारा काढा, त्यावर कुणाचं नाव लागलंय ते बघा आणि या एका गोष्टीसाठी दिवाणी वकील कराच. इथं समुपदेशकाचं काम नाही.

प्रश्न : सोबत काम करणाऱ्याला सोसायटीत जामीन राहिलो. तो भरत नाही, आता सोसायटी माझ्या पगारातून कापणार म्हणते. आधी त्याच्याकडून वसूल करा असं सांगता येत नाही का? – परिवहन कर्मचारी, बेळगाव

उत्तर : सांगता येतं, पण ते ऐकायला सोसायटी बांधील नाही. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच आहे. सोसायटी सरळ तुमच्याकडे येऊ शकते, आणि सरकारी पगारवाल्याकडे ती आधी येतेच.

सोसायटी कुठल्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते पावतीवर बघा. आपल्याकडं पाट्या सगळ्या सारख्या, पण आतून तीन जाती : कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९, सौहार्द कायदा १९९७, आणि बहुराज्य कायदा २००२. पहिल्या दोन्हींत वाद राज्याच्या सहकार खात्याच्या चौकटीत चालतो, बहुराज्य संस्थेत लवादाकडे. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल यातल्या कुठल्याच पतसंस्थेला लागत नाही. तिथं अर्ज पाठवून दोन-तीन महिने वाया घालवणारे पुष्कळ आहेत.

मग पगार कपातीला सही दिली होती का ते शोधा. जामीनपत्राबरोबर ‘माझ्या पगारातून कापून द्यावं’ असं पत्र बहुतेक सोसायट्या घेऊन ठेवतात. तसं असेल तर कपात थांबवणं कठीण, रक्कम कमी करून मागणं शक्य. तसं पत्र नसेल आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यावर जप्ती आली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणं पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीसाठी धरला जाणारा पगार ३१,००० असेल तर जास्तीत जास्त १०,००० जातील, आणि त्याच हुकूमनाम्यावर २४ महिने कपात झाली की पुढं नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीला हात लागत नाही.

सोसायटीकडून कर्जखात्याचा उतारा घ्या. कर्जदाराचे शेअर आणि ठेवी आधी वळत्या करा असं लेखी मागा. कर्जाची रक्कम किंवा मुदत तुमच्या सहीशिवाय बदलली असेल तर जामीन सुटल्याचा मुद्दा उभा राहतो, म्हणून नूतनीकरणाचे कागद नीट तपासा. भराल त्या प्रत्येक रकमेच्या पावतीवर ‘जामीनदार म्हणून’ असं लिहून घ्या. त्या पावतीवर तुम्ही कर्जदाराकडून वसुलीचा दावा करू शकता, भरल्यापासून तीन वर्षांत. मैत्रीखातर ही तीन वर्षं निघून जातात.

प्रश्न : ‘निम्मं कर्ज सबसिडीत जाईल’ म्हणून एका बाईनं गल्लीतल्या आम्हा बायकांच्या नावावर फायनान्स काढलं, पैसे तिनं घेतले. सुरुवातीचे हप्ते तिनं भरले, आता ती गायब. आम्ही का भरायचं? – बेळगाव

उत्तर : सही आणि अंगठा तुमचा, पैसे तुमच्या खात्यात आले; कंपनीच्या दृष्टीनं कर्जदार तुम्हीच. मायक्रोफायनान्समध्ये अशी निम्मी सबसिडी नसते. फसवणुकीची फिर्याद पोलिसांत द्या, सगळ्याजणींनी मिळून, पण कुणाचे किती, कुठल्या तारखेला आणि कसे दिले (रोख की यूपीआय) याचा तक्ता प्रत्येकीचा वेगळा जोडा. कंपनीचा माणूस त्यात सामील होता असं वाटत असेल तर तेही त्यातच लिहा. पोचपावतीची प्रत कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला देऊन तपास होईपर्यंत हप्ता कमी करायची मागणी करा. ती मिळेलच असं नाही. तपास चालू आहे म्हणून कर्ज आपोआप थांबत नाही.

प्रश्न : नवऱ्याच्या नावावर फायनान्स होतं, ते वारले. आता वसुलीवाले माझ्याकडं मागतात. – चिक्कोडी तालुका

उत्तर : लोन कार्डावर विम्याचा हप्ता कापलेला आहे का ते आधी बघा. अशा कर्जांत बहुतेक वेळा कर्जदाराचा आणि जोडीदाराचा विमा असतो. मृत्यूचा दाखला, दोघांचे आधार आणि वारसाचं खातं देऊन दावा शाखेतच करायचा आणि पोच घ्यायची. विमा नसेल आणि तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर नवऱ्याकडून वारशानं जेवढं आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. काहीच आलं नसेल तर तुमच्या शिलाई मशीनवर किंवा मजुरीवर त्यांचा हक्क नाही. ‘माझ्या नावावर करून घेते’ अशा कागदावर सही मात्र करू नका. तेव्हापासून ते कर्ज तुमचं होतं.

प्रश्न : नोटीस कन्नडमध्ये आली, वाचता आली नाही म्हणून परत पाठवली. चाललं ना? – खानापूर

उत्तर : नाही. रजिस्टर पाकीट नाकारलं तर ते मिळालं असंच कायदा धरतो आणि मुदत सुरू होते. पाकीट घ्या, त्यावर मिळाल्याची तारीख लिहा, आणि त्याच आठवड्यात तालुका न्यायालयातल्या कायदा सेवा समितीत वाचून घ्या. चेकच्या नोटिशीला १५ दिवस. घर तारण असलेल्या बँक कर्जाच्या नोटिशीला ६० दिवस, आणि त्या ६० दिवसांत लेखी हरकत घेतली तर बँकेनं १५ दिवसांत कारणासह उत्तर द्यायचं असतं. शेतजमिनीवर ही ६० दिवसांची कारवाई करता येत नाही, तरी अशी नोटीस आलीच तर हरकत घ्यायची ती ‘जमीन शेतीची आहे’ हे उतारा जोडून.

भाषेचं म्हणाल तर कर्जाची कागदपत्रं कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायची, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. बँकेला किंवा फायनान्सला अर्ज करून मराठीतून मागा. लोकपालाकडं पोस्टानं जाणारी तक्रार कुठल्याही भाषेत चालते, ती रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्रात जाते. मराठीत लिहा. कर्ज खात्याचा नंबर, कंपनीला केलेल्या पहिल्या तक्रारीची तारीख आणि तिची प्रत जोडा. या गोष्टी नसल्या तर तक्रार आत जातच नाही. चौकशीचा फोन १४४४८.